बुधवारची वरची खोली

४ जानेवारी

प्रिय वन्सं,

नमस्कार. तब्येतीची चौकशी शेवटी करीन, आधी बातमी. रेनकोटचा कारखाना बंद पडल्यापासून जो तो मला विचारतो, आता काय करणार? अठ्ठावीस वर्षं कापड बेतलं, कापलं. आता घरी बसून तुमच्या भावाचे शर्ट उसवू की काय? तर उत्तर सापडलंय. मी लोकांना वाइन पाजणार आहे.

हसू नका. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रेस्टॉरंट आहे, त्याची मालकीण माझी मैत्रीण. तिची वरच्या मजल्यावरची खोली नुसती खुर्च्या ठेवायला वापरतात. तिथे दर बुधवारी संध्याकाळी वाइन चाखण्याचा छोटासा कार्यक्रम सुरू करायचं तिच्या मनात आहे. दहा-बारा माणसं, चार बाटल्या, घोट घ्यायचा आणि त्यावर बोलायचं. हे सगळं चालवायला तिला माणूस हवंय. मी म्हटलं, तुझ्या समोरच बसलंय की! ती म्हणाली, आधी घरी चार मित्रांना बोलावून करून दाखव, मी येते, मग बघू.

वन्सं, मला ते काम हवंय. कारखाना सुटल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी इतकं हवंसं वाटलंय.

विषयही ठरलाय. इटलीच्या जुन्या वळणाच्या लाल वाइन. याला जबाबदार तुम्ही. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा तुम्ही बारोलो आणली होतीत. तिचा फिका रंग बघून मी म्हटलं होतं, वाटेत पाणी घातलंत का? आणि मग पहिल्याच घोटाला तिने जीभ अशी पकडली की पाहुणे काय बोलत होते ते मला ऐकूच आलं नाही. तेव्हापासून वाचनालयातली या विषयावरची सगळी पुस्तकं वाचून झालीत.

तुम्ही बावीस वर्षं हॉटेलसाठी वाइन निवडताय, तेव्हा तुम्ही यायलाच हवं. पण शिकवायला नको, शोभेला या. अशी जाणकार नणंद शेजारी बसलेली दिसली की माझं वजन वाढेल. बोलणार मात्र मी.

आणि फोन करू नका. फोनवर तुम्ही भावाशी तासभर बोलता, माझ्या वाट्याला शेवटी ‘बाकी काय’ एवढंच येतं. पत्र लिहा. तब्येत कशी आहे?

तुमची
वहिनी

१२ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचताना चहा गार झाला. तू मनावर घेतलंस म्हणजे करणारच, त्याबद्दल मला शंका नाही. पण एक सांगू? बारोलो इतक्यात नको. भलेभले तिच्यापुढे अडखळतात. दोन मऊ, सोप्या वाइन घे, थोडं हसव, थोडं बोल, लोक खूश होऊन जातील.

मला येणं जमणार नाही. हॉटेलात साहेब बदललेत, कामाचा ढीग साचलाय.

मालकीण म्हणजे तीच ना, उंच, आखूड पांढऱ्या केसांची? तुमच्या लग्नाच्या पंचविशीच्या समारंभात ती माझ्या शेजारी बसली होती. तिला या विषयातलं बरंच कळतं, तेव्हा तिला पुस्तकातली वाक्यं ऐकवू नकोस. आणि नाहीच मिळालं काम, तर मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या हातात कात्रीची कला आहे, ती काही कोणी काढून घेत नाही.

दादाला सांग, गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी
नणंद

१९ जानेवारी

प्रिय वन्सं,

येत नाही म्हणता आणि वर तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकता! मऊ नि सोप्या वाइन म्हणे. मी अठ्ठावीस वर्षं वादळात टिकतील असे कोट बेतलेत, मऊ नि सोपं मला जमत नाही. चार बाटल्या आणल्या आहेत. बार्बेरा, कियांती, बारोलो आणि दक्षिण इटलीतली ती काळीकुट्ट अलियानिको. कात्रीची कला कात्रीला असू दे.

माणसंही ठरली. मालकीण येणार. आमचे दातांचे डॉक्टर येणार, त्यांना स्वतःचं मत असतं आणि ते दुसऱ्याचं तोंड उघडं असताना सांगायची सवय आहे. आणि बटणवाली. तुम्ही तिला ओळखत नाही, कारखान्यात माझ्या पाठीमागच्या टेबलावर बटणं लावायची. शाळेत फार गेली नाही, पण आवडलं नाही तर तोंडावर सांगते. आणि तुमचे दादा, कारण घरातच असतात.

बाटल्यांची नावं कोणाला दिसू नयेत म्हणून मी चारही बाटल्यांना अंगरखे शिवलेत. कारखान्यातले उरलेले तुकडे होते, बाहेरून रेनकोटचं कापड, आतून जाड अस्तर. असे नेटके बसलेत की तुमच्या हॉटेलात कोणी पाहिले तर मागून घेतील. आणि हे! हे तर माझ्यापेक्षा जास्त पेटलेत. आयुष्यभर औषधांची शीतगृहं दुरुस्त केली ना, कुठूनतरी लशी ठेवायची जुनी पेटी घेऊन आले, आठ दिवस खटपट केली, आता ती मस्त चालते. बाटल्या कालपासून त्यात आहेत. चार अंश! काटा इकडचा तिकडे होत नाही. रोज उठून मला काटा दाखवतात.

कार्यक्रम २ फेब्रुवारीला, संध्याकाळी. कोणती आधी, कोणती नंतर ते मी ठरवलंय, तरी तुम्ही सांगा. आणि काही चुकत असेल तर तेही सांगा, ते सांगायला तुम्हाला आवडतंच.

तुमची
वहिनी

२६ जानेवारी

प्रिय वहिनी,

बार्बेरा आधी. ती आंबट पण मनमोकळी, तोंड जागं करते. मग कियांती. बारोलो तिसरी, अलियानिको शेवटी, कारण तिच्यानंतर दुसरं काही चाखण्यात अर्थ नाही. ग्लास साबणाने धुतलेस तर नंतर तीनदा नुसत्या पाण्याने धू आणि जुन्या सुती कापडाने पूस. त्या दिवशी अत्तर, उदबत्ती, फोडणी, काही नको. पाव साधाच ठेव, जाड कापून. ग्लास तिसरा हिस्साच भरायचा, दादा यजमानपणाच्या उत्साहात काठोकाठ ओतेल, त्याला बाटलीजवळ फिरकू देऊ नकोस. पांढरी चादर अंथर, म्हणजे रंग दिसेल. लोक गप्प झाले तर घाबरून बोलत सुटू नकोस.

अंगरख्यांची कल्पना तुझीच असू शकते! मला बघायचेत.

सगळं छान होऊ दे.

तुझी
नणंद

५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

झाला एकदाचा कार्यक्रम. तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. ग्लास लखलखत होते, चादर पांढरीशुभ्र, आणि अंगरख्यांची तर मालकिणीने उलटसुलट करून तारीफ केली. इथपर्यंत सगळं झकास.

मग मी बार्बेरा ओतली आणि बोलायला लागले. जांभळी छटा बघा, वासात पिकलेली चेरी शोधा. सगळ्यांनी ग्लासात नाकं घातली. डॉक्टर तर जणू कीड शोधावी तसे शोधत होते. कोणाला काही मिळेना. बटणवाली म्हणाली, “मला तर नळाची तोटी चाटल्यासारखं लागतंय.” मी हसून वेळ मारून नेली. कियांतीचंही तेच. तोवर माझ्याही लक्षात आलं होतं की काहीतरी बिनसलंय, पण मी माघार घेणारी थोडीच! मी ठणकावून सांगितलं, जुन्या वळणाच्या वाइन अशाच असतात, करारी, पहिल्या भेटीत बोलत नाहीत. वन्सं, मी हे इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं की तुमच्या दादांनी मान डोलावली.

बारोलोचा एक घोट घेऊन मालकिणीने ग्लास खाली ठेवला. रात्रीच्या जेवणाची गिऱ्हाइकं यायची वेळ झाली म्हणून ती उठली. दारात मी विचारलंच, मग? ती म्हणाली, “तुझी तयारी दांडगी आहे गं. पण खरं सांगू का, माझ्या मनात आणखी एक नाव आहे.” कोणाचं ते सांगितलं नाही.

मी परत येऊन बसले. डॉक्टर गाल धरून म्हणाले, “वहिनी, मी दिवसभर लोकांना विचारतो, गार लागतं का, ठणकतं का? आज मलाच ठणकतंय.” तेव्हा मी अंगरख्यात हात घातला. बाटली बर्फासारखी! त्या जाड अस्तराने दोन तास तसूभरही ऊब आत जाऊ दिली नव्हती. हे अभिमानाने म्हणाले, “बघ, मी म्हटलं नव्हतं? चार अंश!”

आयुष्यात कधी हात लावून बघितल्याशिवाय कापडाला कात्री लावली नाही मी. आणि बाटलीला हात लावला नाही.

मी सरळ सांगून टाकलं की चूक माझी, आता ग्लास तळहातात धरा आणि गप्पा मारा. डॉक्टरांनी दोन्ही हातांत दोन ग्लास धरले. बटणवालीने आपला शालीखाली घेतला. तासाभराने ती ओरडली, “अगं, कारखान्यामागे नवा रस्ता केला तेव्हा डांबराचा वास यायचा ना, तोच! आणि वर वाळलेली फुलं.” बारोलो होती ती, वन्सं. पुस्तकात हेच लिहिलंय, डांबर आणि गुलाब, आणि तिने ते पुस्तक बघितलेलंही नाही. नंतर कोणी उठायला तयार होईना. इतकी सुंदर संध्याकाळ माझ्या घरात याआधी झाली नव्हती, आणि जिने ती बघायला हवी होती ती तेवढी निघून गेली होती.

यांना खूप बोलले. नंतर वाईट वाटलं. त्यांना काय माहीत? मला माहीत असायला हवं होतं. लाल वाइन इतकी गार देत नाहीत हे पुस्तकात होतंही म्हणे, मी ते पान वाचलं नव्हतं.

कोण असेल हो ते दुसरं नाव?

तुमची
वहिनी

११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

ते नाव माझं आहे.

तिने मला डिसेंबरमध्येच फोन केला होता. समारंभात आमच्या गप्पा झाल्या होत्या, तेव्हापासून तिच्या डोक्यात होतं. आणि मी हो म्हणण्याच्या बेतात होते, कारण आमचं हॉटेल मार्चअखेर बंद होतंय. साहेब बदललेत असं मी तुला लिहिलं, ते अर्धवट खरं. साहेब हॉटेल मोडीत काढायला आलेत. या वयात मला दुसरं कोण ठेवणार? तुमच्या गावात येऊन राहावं, बुधवारची ती खोली घ्यावी, तिथून काहीतरी उभं करावं, असं मी ठरवत होते. तेवढ्यात तुझं पत्र आलं.

वहिनी, पेटीची ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली होती. लाल वाइनला सोळा-सतरा अंश लागतात, हे आमच्याकडचा कालचा वाढपीही सांगेल. तू स्पष्ट विचारलं होतंस, काही चुकत असेल तर सांगा. मी तुला पाव कसा कापायचा ते लिहिलं, ग्लास कसे पुसायचे ते लिहिलं, आणि या एका गोष्टीवर मूग गिळून बसले. विसरले नव्हते. तू आपटावीस असंही वाटत नव्हतं, पण तू आपटलीस तर माझी वाट मोकळी होईल हे दिसत होतं, आणि मी पत्र पाकिटात घातलं.

काल मालकिणीला फोन करून सगळं सांगितलं. वाइन का बिघडली ते, आणि मला ती खोली नको हेही. तुझीच आहे ती. दादाला बोलू नकोस, त्याचा काही दोष नाही.

मला माफ करशील की नाही, कळव.

तुझी
नणंद

१५ फेब्रुवारी

वन्सं,

नाही. इतक्यात नाही करत माफ. मला इतका संताप आलाय की सकाळपासून तीन पत्रं फाडली, हे चौथं.

तुम्ही गप्प बसलात ते वाईटच केलंत. तुमचे दादा तो काटा मला दाखवताना कसे हसायचे, ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. पण त्याहून मला काय झोंबलं सांगू? माघार घ्यायला तुम्हाला कोणी सांगितलं? आधी माझा पाय ओढायचा, मग मला काम दान करायचं. दोन्हीकडे लहान मीच! मी काय तुमच्या दारात पदर पसरून उभी होते?

मी लगेच मालकिणीकडे गेले. तिला सांगितलं, नणंदेने सोडलेलं मला नको. तू आम्हा दोघींना एकाच संध्याकाळी बसव, तुझ्याच खोलीत. त्याच चार वाइन, दोन मी ओतणार, दोन ती. माणसं तू बोलाव, आमच्यातर्फे फक्त डॉक्टर आणि बटणवाली. आणि शेवटच्या घोटापर्यंत तू खुर्चीतून उठायचं नाहीस. मग ठरव. ती खूप हसली, पण कबूल झाली. १ मार्च.

बारोलो आणि कियांती माझ्या. हवं तर भांडा. बाटल्या तुम्ही आणा, यांच्या पेटीत मी आता बटाटे ठेवलेत.

आणि मुद्दाम हरलात तर मला कळेल. मग मात्र आयुष्यभर बोलायची नाही.

वहिनी

१९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

येते. बार्बेरा आणि अलियानिको माझ्या, भांडण नाही.

मला हे काम हवंय. तुझ्याइतकंच. तेव्हा जेवढं येतं तेवढं सगळं करणार, हे आधीच सांगून ठेवते.

तुझी
नणंद

४ मार्च

प्रिय वन्सं,

गाडीत बसताना तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात. मीही रुमाल शोधायचं नाटक करत होते. म्हणून लिहायला बसले.

मी चांगली बोलले ना? मला माहीत आहे, चांगली बोलले. बारोलो काय सुरेख खुलली होती! तिचा मुलूख, तिथलं धुकं, जुनी मोठाली लाकडी पिंपं, सगळं मी सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपलं काम झालं असं समजून मी खुर्चीत टेकले.

मग तुम्ही उठलात. बार्बेरा ओतलीत, चौघींतली सगळ्यात साधी, आणि काही बोललाच नाहीत. कोपऱ्यात बसलेल्या त्या अबोल बाईंना विचारलंत, “काय वाटतं?” त्या म्हणाल्या, मला काही कळत नाही यातलं. तुम्ही म्हणालात, “असू दे, मी थांबते.” आणि खरंच थांबलात. मी तर घामाघूम झाले, मला एवढी शांतता सोसवत नाही. बाईंनी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, आणि एकदम आपल्या आईच्या स्वयंपाकघरातल्या कच्च्या आलुबुखाराबद्दल बोलायला लागल्या. मग शेजारचे बोलले. मग सगळेच. अलियानिको येईपर्यंत त्या खोलीत कोणी परकं राहिलं नव्हतं. माझ्या वेळी लोक माझ्याकडे बघत होते. तुमच्या वेळी एकमेकांकडे बघत होते. मध्येच माझ्या लक्षात आलं की मी माझा डाव विसरून तुमच्या बाजूने झालेय.

मालकिणीने तुमचं नाव घेतलं तेव्हा मी सगळ्यांत आधी टाळी वाजवली, ते तुम्ही पाहिलंत. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले, ते पाहिलं नाहीत. मला वाईट वाटलं, वन्सं. फार वाईट वाटलं. अजून वाटतंय. तुमच्या दादांनी दाराबाहेरून विचारलं, पाणी गार येतंय का? या माणसाला गार-गरम सोडून दुसरं काही सुचत नाही. मी आतल्या आत हसले आणि बाहेर आले.

तुम्हाला विचारायचं होतं, माफ केलं का. केलं. जिंकलात म्हणून नव्हे. मुद्दाम हरला नाहीत म्हणून.

आता माझं ऐका. डॉक्टर नि बटणवाली म्हणतात, घरचा कार्यक्रम बंद करू नका, आम्ही येत जाऊ. मी करणार आहेच. पण मला ते थांबणं येत नाही. पुस्तकात ते नव्हतं, आणि असतं तरी मी ते पान उलटलं असतं. मला शिकवा. कोणाकडे असं मागायची मला सवय नाही, त्यामुळे नीट मागितलं गेलंय की नाही माहीत नाही. बुधवारी मी येईन, ग्लास मांडीन, प्रत्येक बाटलीला हात लावून बघीन, आणि तुम्ही बोलाल तेव्हा तोंड मिटून बसेन. जमेल तितकं. दोन-तीन वर्षांनी तुमची खुर्ची घ्यायचा प्रयत्न करीन, तेही आत्ताच सांगून ठेवते.

घर शोधायची घाई करू नका. मधली खोली झाडून ठेवलीय, खिडकीचं दार आवाज करत होतं ते यांनी दुरुस्त केलं. शेजारीण म्हणाली, नणंद कायमची राहायला येतेय म्हणे, तुझं काही खरं नाही. मी म्हटलं, माझं नाही, तिचंच काही खरं नाही.

कोणत्या गाडीने येताय ते कळवा, हे घ्यायला येतील. सामान बेताचंच आणा, कपाट एकच रिकामं केलंय.

तुमची
वहिनी